गेरू

गेरू हे लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडा रंग आलेले नैसर्गिक मातीचे रंगद्रव्य आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरांच्या भिंती, गोठे, उंबरठे, ओटे, तुळशी वृंदावने आणि मातीची भांडी रंगवण्यासाठी त्याचा परंपरेने वापर होत आला आहे. खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर या तापीकाठच्या परिसरात, चुन्याने किंवा पांढऱ्या मातीने रंगवलेली भिंत आणि तिच्या पायथ्याशी गेरूचा तांबडा पट्टा ही जुन्या घरांची व गोठ्यांची ओळख होती. अमेरिकेतील शेतघरे आणि स्वीडनमधील लाकडी घरे ज्या रंगद्रव्याने तांबडी दिसतात तेही मूलतः हेच आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या या प्रदेशांनी एकच रंग निवडला, याचे कारण धार्मिक किंवा सांकेतिक अर्थापेक्षा त्या द्रव्याची विपुलता, स्वस्ताई आणि टिकाऊपणा यांत अधिक आहे.

नाव

'गेरू' हा शब्द संस्कृत 'गैरिक' या शब्दापासून आला आहे. 'गिरी' म्हणजे पर्वत. डोंगरातून मिळणारा तो गैरिक, अशी त्याची व्युत्पत्ती आहे. मराठीत तांबड्या मातीच्या रंगाला 'काव' असेही म्हणतात. गेरूने रंगवलेल्या वस्त्राला 'गेरवे' किंवा 'भगवे' वस्त्र म्हटले जाते. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रावरील ग्रंथात गैरिकाची गणना उपरसांमध्ये केली असून त्याचे पाषाणगैरिक व स्वर्णगैरिक असे दोन प्रकार सांगितले आहेत. कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्ष आपल्या पत्नीचे चित्र खनिज रंगांनी शिळेवर रेखाटतो. दगडावर अशा रंगांनी चित्रे काढण्याची रीत त्या काळी परिचित होती, हे यावरून दिसते.

रासायनिक स्वरूप

गेरूतील रंग देणारा घटक हेमॅटाइट हे खनिज आहे. ते लोहाचे ऑक्साइड असून त्याच्या रेणुसूत्रात लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. शुद्ध हेमॅटाइट जड व कठीण असते. गेरूमध्ये मात्र ते बारीक कणांच्या रूपात चिकणमाती व सिलिका यांच्यात मिसळलेले असते. त्यामुळे गेरू मऊ असतो, बोटाला लागतो आणि पाण्यात सहज कालवता येतो.

हेमॅटाइट प्रकाशातील निळा व हिरवा भाग शोषून घेते आणि तांबडा भाग परावर्तित करते. म्हणून ते तांबडे दिसते. कण जितके बारीक, तितका रंग उजळ व तांबडा; कण मोठे असतील तर तो जांभळट-तपकिरी भासतो.

पिवळ्या मातीचा रंगही लोहामुळेच येतो, पण तिच्यात गोथाइट हे जलयुक्त खनिज असते. पिवळी माती भाजली की त्यातील पाणी निघून जाते, गोथाइटचे हेमॅटाइटमध्ये रूपांतर होते आणि माती तांबडी होते. हा बदल सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमानाला सुरू होतो. चुलीच्या किंवा शेकोटीच्या उष्णतेतही तो घडू शकतो. त्यामुळे पिवळ्या मातीपासून तांबडा रंग तयार करण्याची कृती माणसाला फार प्राचीन काळी अवगत झाली.

खानदेशातील काळी, पांढरी आणि तांबडी

मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी वस्ती राहिल्याने राख, चुना, पडलेल्या भिंतींची माती आणि शेण यांचे थर साचून गावठाणाची जमीन फिकट होते, तीच पांढरी. खानदेशातील धाब्याची घरे या काळ्या-पांढरीतूनच उभी राहिली. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर आणि वर पांढऱ्या मातीचा लेप, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. गुरांचा गोठा बहुधा घराला लागून किंवा अंगणापलीकडे असे आणि त्याच्या भिंतीही त्याच मातीच्या असत.

तांबडी माती मात्र या परिसरात पायाखाली मिळत नाही. वरणगाव हे भुसावळ तालुक्यातील शहर तापी नदीच्या दक्षिणेस, हतनूर धरणाजवळच्या सपाट प्रदेशात आहे. येथील जमीन तापीने आणून टाकलेल्या गाळाची व काळ्या मातीची आहे. ही काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली त्यात लोह भरपूर असते. तरीही ती तांबडी होत नाही, कारण कमी पावसाच्या व पाण्याचा मंद निचरा होणाऱ्या प्रदेशात बेसॉल्टपासून फुगणारी चिकणमाती तयार होते आणि लोह हेमॅटाइटच्या रूपात मोकळे होत नाही. कोकणात याच्या उलट घडते. तेथील मुसळधार पावसात खडकातील सिलिका धुपून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. जांभा दगड व तांबडी माती अशी तयार होते. दख्खनच्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्येही कोठे कोठे तांबड्या मातीचे पातळ पट्टे सापडतात, पण त्यांचा आढळ मर्यादित आहे.

या भूरचनेचा परिणाम रंगकामावर दिसतो. तांबडी माती जेथे मुबलक होती तेथे पूर्ण भिंती तांबड्या रंगवल्या गेल्या. खानदेशात गेरू ही विकत घेण्याची वस्तू होती. म्हणून तो जेथे सर्वांत उपयोगी पडेल तेथेच, म्हणजे भिंतीचा पायथा, उंबरठा, दाराची चौकट, ओट्याची कड आणि तुळशी वृंदावन येथे, लावला गेला.

गोठा व घरावरील वापर

गेरूचे खडे किंवा भुकटी रात्रभर पाण्यात भिजवतात. सकाळी ते मिश्रण ढवळून फडक्यातून गाळतात, म्हणजे वाळू व खडे निघून जातात. रंग हाताला लागू नये म्हणून त्यात बाभळीचा डिंक किंवा ताक-दूध यांसारखे चिकट द्रव्य मिसळतात. भिंतीला आधी शेण-मातीने लिंपून घेतले जाते. ती वाळल्यावर वरच्या भागाला चुना किंवा पांढरी माती आणि खालच्या भागाला गेरू लावतात. रंग लावण्यासाठी कुंचा, नारळाच्या किंवा अंबाडीच्या तंतूंची कुंची अथवा नुसते फडके वापरले जाते. लाकडी दारे व चौकटी यांसाठी गेरू जवसाच्या तेलात कालवला जात असे. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते आणि लाकडावर पातळ पापुद्रा तयार करते.

हे काम वर्षातून एक-दोनदा, बहुधा सणांच्या तोंडावर केले जाते. खानदेशात श्रावणातील कानबाईच्या उत्सवापूर्वी, तसेच दिवाळीपूर्वी घर झाडून, लिंपून व रंगवून घेण्याची प्रथा आहे. घराचे सारवण व रंगकाम परंपरेने स्त्रिया करत आल्या आहेत. सारवलेल्या अंगणात गेरूचा चौकोन काढून त्यावर पांढरी रांगोळी रेखाटली जाते; गेरूच्या पार्श्वभूमीमुळे रांगोळीच्या रेषा उठून दिसतात. तुळशीच्या लग्नापूर्वी वृंदावन गेरू व चुन्याने रंगवतात.

तांबडाच रंग का?

गोठ्याच्या व घराच्या भिंतींसाठी गेरूच का निवडला गेला, याची पुढील कारणे दिसून येतात.

मळ झाकणे: पावसाचे पाणी जमिनीवर आपटून चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या हातभर भागावर उडतात. गोठ्यात त्यात शेण-मुताची व गुरांच्या अंगाच्या घासण्याची भर पडते. पांढऱ्या रंगावर हे डाग लगेच दिसतात, तांबड्या-तपकिरी रंगावर दिसत नाहीत. पायथ्याचा पट्टा खराब झाला तर संपूर्ण भिंत न रंगवता तेवढाच पुन्हा रंगवता येतो.

उष्णता: भुसावळ-वरणगाव परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. गडद रंग उष्णता अधिक शोषतो, पांढरा रंग ती परावर्तित करतो. त्यामुळे भिंतीचा मोठा भाग व छप्पर पांढरे आणि केवळ पायथा तांबडा ही विभागणी हवामानाला धरून आहे.

टिकाऊपणा: हेमॅटाइट हे लोहाचे पूर्ण गंजलेले रूप आहे. ते हवेत आणखी बदलत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने विटत नाही. वनस्पतिजन्य रंग सूर्यप्रकाशात फिके पडतात. गेरू पावसाने धुपतो, पण त्याचा रंग उडत नाही.

चुन्याशी मेळ: ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. अनेक सेंद्रिय रंग त्याच्या संपर्कात नष्ट होतात किंवा बदलतात. गेरूवर चुन्याचा परिणाम होत नाही, म्हणून दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी वापरता येतात. दोन्ही एकत्र केल्यास गुलाबी छटा मिळते.

भिंतीचा श्वास: मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते व बाहेर सोडते. गेरू व चुना यांचे लेप सच्छिद्र असल्याने ही क्रिया चालू राहते.

स्वस्ताई: वरील सर्व गुण असलेली इतर रंगद्रव्येही आहेत, पण ती दुर्मिळ किंवा महाग आहेत. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन, सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्यानंतर लोहाचा क्रमांक लागतो. वजनाने ते सुमारे ५ टक्के आहे. त्यामुळे गेरू जगाच्या बहुतेक भागांत उथळ खाणीतून काढता येतो आणि दळण्यापलीकडे त्यावर फारशी प्रक्रिया करावी लागत नाही.

लोहाच्या या विपुलतेचे मूळ ताऱ्यांमध्ये आहे. ताऱ्याच्या गाभ्यात हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन जड अणुकेंद्रके बनतात आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते. लोह व निकेल यांच्या आसपास अणुकेंद्रके सर्वांत घट्ट बांधलेली असतात. तेथून पुढे संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. मोठ्या ताऱ्यांचा गाभा या टप्प्यावर कोसळतो. अशा स्फोटांतून, आणि त्याहूनही अधिक प्रमाणात श्वेत बटू ताऱ्यांच्या स्फोटांतून, निकेल-५६ हे अस्थिर समस्थानिक तयार होते. त्याचे कोबाल्टमध्ये व पुढे लोहामध्ये रूपांतर होते. या प्रक्रियेमुळे जवळपासच्या इतर जड मूलद्रव्यांच्या तुलनेत लोह विश्वात फार मोठ्या प्रमाणात आढळते. तांबडा रंग गोठ्याच्या भिंतीला परवडावा इतका स्वस्त असण्याचे अंतिम कारण हे आहे.

समज आणि वस्तुस्थिती

गेरू लावल्याने वाळवी लागत नाही किंवा बुरशी मरते, असा समज प्रचलित आहे. हेमॅटाइट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून ते कीटकांसाठी विष नाही. गोठ्यात जंतू कमी होण्यास मदत होते ती ताज्या चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे. लाकडावरील गेरूच्या तेलरंगाचे संरक्षण दोन गोष्टींमुळे मिळते: तेलाचा पापुद्रा पाणी आत शिरू देत नाही आणि लोहाचे ऑक्साइड लाकडाची झीज करणारे अतिनील किरण अडवते. वाळवीने भिंतीवर बांधलेल्या मातीच्या नळ्या नव्याने रंगवताना खरवडल्या जातात, आणि चुना-गेरूच्या एकसारख्या पृष्ठभागावर त्या लगेच नजरेस येतात. दरवर्षीच्या रंगकामाचा हा अप्रत्यक्ष फायदा आहे.

तांबडा रंग दृष्ट लागू देत नाही किंवा शुभ असतो, ही श्रद्धाही सर्वत्र आढळते. मात्र श्रद्धेमुळे गेरू वापरात आला असे म्हणण्यापेक्षा, सर्वत्र मिळणाऱ्या व टिकणाऱ्या रंगाभोवती श्रद्धा रुजली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

इतिहास

गेरूचा वापर मानवी संस्कृतीइतकाच जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वी गेरूचे मिश्रण तयार करण्यासाठी वापरलेले शिंपले व दगडी साधने सापडली आहेत. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रयांमध्ये तांबड्या व पांढऱ्या रंगांतील चित्रे मोठ्या संख्येने आहेत.

खानदेशात तापीकाठी प्रकाशे आणि गिरणाकाठी बहाळ येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे अवशेष मिळाले. जोर्वे संस्कृतीची (सुमारे इ.स.पू. १४०० ते ७००) तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली मृद्भांडी या काळाची खूण मानली जातात. भांड्यांचा तांबडा रंग मातीतील लोह भरपूर हवेत भाजले गेल्यामुळे येतो. आजही अनेक कुंभार भांडे भाजण्यापूर्वी त्यावर गेरूचा पातळ लेप देतात.

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत, वाघूर नदीच्या वळणावर असलेल्या अजिंठा लेण्यांतील चित्रांत गेरू हा प्रमुख रंग आहे. त्याच्या जोडीला पिवळी माती, हिरवी माती, पांढरा रंग, काजळी आणि निळा लाजवर्द वापरला आहे. यांपैकी लाजवर्द तेवढा दूरदेशाहून आणलेला होता. चित्रांखालच्या भिंतीची रचना लक्षणीय आहे. खडकावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर डिंकासारख्या द्रव्यात कालवलेले मातीचे रंग, असा तिचा क्रम आहे. भुसा घातलेल्या मातीने लिंपून, चुना देऊन गेरू लावलेल्या गोठ्याच्या भिंतीचा क्रमही तोच आहे. लेण्यांतील कलाकौशल्य वेगळ्या कोटीचे असले, तरी सामग्री एकाच परंपरेतील आहे. हीच वाघूर नदी पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीला मिळते.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. महात्मा गांधींच्या सूचनेवरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. यानंतर १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामजीवनावरील चित्रफलकांची मालिका मातीच्या व खनिज रंगांत रंगवली. 'हरिपुरा चित्रफलक' या नावाने ती प्रसिद्ध असून, गावातील भिंतीच्या रंगांना आधुनिक भारतीय चित्रकलेत त्यामुळे मानाचे स्थान मिळाले.

पोळा

श्रावण अमावास्येला साजऱ्या होणाऱ्या पोळा या सणात बैलांना अंघोळ घालून त्यांच्या अंगावर गेरूचे ठिपके किंवा हाताचे ठसे उमटवतात. शिंगे साफ करून रंगवतात, त्यांना बेगड चिकटवतात आणि बैलांना झूल, घुंगरमाळा, नवी वेसण व नवा कासरा घालतात. खानदेशातील बोलींत या सणाला 'पोया' म्हणतात. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या पोळ्यावरील कवितेत बैलांच्या शिंगांना शेंदूर लावण्याचा उल्लेख आहे. अंगाला गेरू आणि शिंगांना शेंदूर किंवा हिंगूळ ही विभागणी महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळते. अलीकडे शिंगांसाठी तयार तैलरंगांचा वापर वाढला आहे.

शेंदूर, हिंगूळ आणि गेरू यांतील फरक

बोलीभाषेत हे तिन्ही 'तांबडे रंग' म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांचे घटक व परिणाम पूर्णतः भिन्न आहेत.

गेरू: लोहाचे ऑक्साइड. रंग मंद, विटकरी ते तपकिरी. पाण्यात अविद्राव्य. त्वचेवर किंवा भिंतीवर लावण्यास सामान्यतः निरुपद्रवी.

शेंदूर: पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. रंग झळझळीत नारिंगी. हाताला विशेष जड लागतो. विषारी.

हिंगूळ: पाऱ्याचे सल्फाइड. रंग गडद लालभडक. भाजल्यास पाऱ्याची विषारी वाफ निघते.

कुंकू: पारंपरिक कुंकू हळदीवर अल्कधर्मी द्रव्याची प्रक्रिया करून बनवतात. बाजारात कृत्रिम रंग घातलेले कुंकूही मिळते.

शिसे शरीरात साठत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो आणि अल्प मात्राही सुरक्षित मानली जात नाही. गुरांना रंगवलेल्या वस्तू, एकमेकांची अंगे व शिंगे चाटण्याची सवय असते. शिसेयुक्त रंग चाटल्याने होणारी विषबाधा पशुवैद्यकात सुपरिचित आहे. या कारणाने गव्हाण, गोठ्याची दारे, खुंटे आणि जनावरांचे अंग यांसाठी गेरूच्या जागी शेंदूर किंवा अनोळखी घटकांचा तैलरंग वापरणे धोक्याचे आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे. हा नियम तयार रंगांना लागू आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या शेंदराचे स्वरूप त्यामुळे बदलत नाही. केवळ रंगछटेवरून भुकटीची शुद्धता ठरवता येत नाही, कारण भुकटीत भेसळ असू शकते.

महाराष्ट्राच्या इतर भागांत

पालघर जिल्हा व लगतच्या परिसरातील वारली समाजाच्या घरांच्या कुडाच्या भिंती शेणाने सारवून गेरूने रंगवल्या जातात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढतात. लग्नप्रसंगी काढला जाणारा चौक हा या चित्रांचा मूळ विषय होय. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

कोकण व गोव्यातील देवळे आणि वाड्यांवर 'कावी' नावाची भित्तिकला आढळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेला तांबडा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. त्यामुळे तांबड्या-पांढऱ्या रंगांची नक्षी तयार होते.

राज्यातील रस्त्यांच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुना व गेरू यांचे पट्टे दिलेले दिसतात. रात्री वाहनांच्या दिव्यांत झाडे दिसावीत आणि ती सार्वजनिक मालकीची असल्याची खूण राहावी, हा त्यामागील हेतू असतो. सोनारकामात दागिन्याला झळाळी आणण्यासाठीही गेरूचा वापर होतो.

इतर देशांत

अमेरिकेत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत शेतकरी जवसाच्या तेलात लोहाचा गंज किंवा तांबडी माती, तसेच दूध व चुना मिसळून शेतघरांसाठी रंग तयार करत. पुढे कारखान्यांतील रंग आले तरी लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा रंगच सर्वांत स्वस्त राहिला आणि प्रथा टिकून राहिली. तेथील शेतघरे लाकडी असल्याने संपूर्ण इमारत रंगवणे आवश्यक होते. मातीच्या भिंतींच्या खानदेशात ती गरज नव्हती.

स्वीडनमधील 'फालुन तांबडा' हा रंग फालुन येथील तांब्याच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून बनतो. तीत लोहाचे ऑक्साइड व सिलिका असते. ती पाणी, राईचे पीठ आणि जवसाचे तेल यांच्यासह शिजवतात. ही खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये तिचा परिसर जागतिक वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. रंगाचे उत्पादन मात्र चालू आहे.

उत्पादन व सद्यस्थिती

भारतात गेरूच्या उत्पादनात राजस्थान अग्रेसर असून मध्य प्रदेशातही त्याच्या खाणी आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने गेरूचा समावेश गौण खनिजांत केला, त्यामुळे त्याच्या खाणकामाचे नियमन राज्यांकडे आले. कारखान्यांत तयार होणारे कृत्रिम लोह ऑक्साइड अधिक शुद्ध व एकसारख्या रंगाचे असते. लाल कोबा, फरशा, विटा आणि लोखंडावर प्रथम लावला जाणारा 'रेड ऑक्साइड' यांत त्याचा वापर होतो. लोखंडी पूल व गोदामे यांवर दिसणारा तांबडा थर रासायनिक दृष्ट्या गेरूचाच भाऊबंद आहे.

खानदेशात सिमेंट-काँक्रीटची घरे वाढल्यापासून धाब्याची घरे कमी झाली. शेतीची बरीच कामे ट्रॅक्टरने होऊ लागल्याने बैलजोड्या आणि त्यांच्यासोबत मातीचे गोठेही घटले. उरलेल्या मातीच्या भिंतींवर अनेकदा सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकयुक्त रंग दिला जातो. असा अभेद्य थर दिल्यास जमिनीतून चढणारी ओल भिंतीतच अडकते, माती भुसभुशीत होते आणि थर पोपडे धरून गळून पडतो. त्यामुळे मातीच्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत माती, चुना व गेरू यांसारखी सच्छिद्र सामग्रीच वापरावी, असे वास्तुसंवर्धनाचे सर्वसाधारण तत्त्व आहे.

तुळशी वृंदावन, रांगोळीखालची जमीन, पोळ्याचे बैल आणि कुंडीची कड या ठिकाणी गेरूचा वापर अजूनही टिकून आहे. कुंडीतल्या झाडांसाठीच्या दुकानांत आणि किराणा दुकानांत तो भुकटीच्या स्वरूपात मिळतो.

हेही पाहा

अजिंठा लेणी
कावी कला
खानदेश
धाब्याचे घर
पोळा
वरणगाव
वारली चित्रकला
हेमॅटाइट